आधी तुमचा मंगळवार सांगा

गेल्या वर्षभरात निदान पाच मराठी घरांतून मला एकच फोन आला आहे. "आम्हाला शेल्टरमधून कुत्रा घ्यायचाय. मुलं मागे लागलीत. मागे मोठं अंगण आहे, कुंपणही आहे. कुठली जात घेऊ?" तुम्हीही अशा विचारात असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे अंगण आणि जात, चुकीच्या आहेत. खळाळत्या उत्साहाच्या कुत्र्यासाठी घर शोधताना आपण मोजायला सोप्या गोष्टी मोजतो आणि महत्त्वाच्या सोडून देतो. हे मत माझं वाचून झालेलं नाही. आधी चूक केली, मग वाचलं.

मी आणि माझा नवरा मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि अधूनमधून कुत्रे 'फॉस्टर' करतो, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत त्यांना आमच्या घरी सांभाळतो. न्यू इंग्लंडमधल्या शेल्टरांत येणारे बरेच कुत्रे इथले नसतातच. दक्षिणेकडच्या राज्यांत कुत्रे जास्त आणि घरं कमी, इकडे उलट. त्यामुळे तिकडून गाड्या भरून कुत्रे उत्तरेला येतात. आमच्या राज्याचा नियम असा की दत्तक देण्यासाठी बाहेरून आणलेल्या कुत्र्याला आधी ४८ तास वेगळं ठेवायचं, पशुवैद्याकडून तपासून घ्यायचं आणि मगच पुढे न्यायचं.

अशीच टेनेसीहून एक दीड वर्षाची कुत्री आमच्याकडे आली. निळसर करड्या रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. कागदावर नाव होतं डेझी. पण पहिल्याच संध्याकाळी तिने आमच्या सोफ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की नवरा म्हणाला, "ही कसली डेझी, ही भिंगरी." तेच नाव राहिलं. तिच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर तीन ओळी होत्या: ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग मिक्स. खूप उत्साही. अंगण असलेलं घर हवं.

त्याच सुमारास आमचे एक जवळचे मित्र कुत्रा शोधत होते. अर्धा एकर अंगण, पाच फुटी कुंपण, सहा आणि नऊ वर्षांची दोन प्रेमळ मुलं. कार्डावरच्या तिन्ही ओळींना हे घर चपखल बसत होतं. शेल्टरला मीच आग्रहाने सांगितलं की यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही.

तीन आठवड्यांनी भिंगरी परत आली.

काय झालं होतं? सकाळी साडेसातला घर रिकामं व्हायचं आणि दुपारी साडेचारला भरायचं. मग मुलांचा सॉकर, गणिताचा क्लास, रविवारी मराठी शाळा. भिंगरीला अंगणात सोडलं जायचं आणि ती काचेच्या दारापाशी येऊन उभी राहायची. अंगणात माणूस नसेल तर तिला अंगणाशी काही देणंघेणं नव्हतं. मुलं खेळायला बाहेर आली की मात्र ती त्यांच्याभोवती गोल गोल धावायची, त्यांना एका कोपऱ्यात गोळा करायची आणि कोणी निसटलं की टाचेला तोंड घालायची. एका संध्याकाळी धाकट्याच्या टाचेला दात लागले. कातडी फुटली नव्हती, पण मूल घाबरलं, आई त्याहून घाबरली. मैत्रिणीचा रडतच फोन आला. "आम्हाला जमलं नाही गं," एवढंच ती म्हणत होती. पुढचे दोन महिने ते आमच्याकडे आले नाहीत. मी बोलावलं तरी काहीतरी कारण निघायचं. चूक माझी होती आणि लाज त्यांना वाटत होती.

मी स्वतः प्रयोगशाळेत उंदरांच्या वर्तनावर काम करते. म्हणजे प्राणी काय करतो ते मोजणं आणि त्या मोजमापावर कितपत विश्वास ठेवायचा ते ठरवणं, हाच माझा व्यवसाय. तरीही कुत्र्याच्या बाबतीत मी एका कार्डावर विसंबले. म्हणून नंतर त्या कार्डावरची एकेक ओळ तपासून पाहायचं ठरवलं.

पत्रिका

पहिली ओळ जातीची. कॅटल डॉग ही ऑस्ट्रेलियातली गुरं हाकणारी जात. टाचेला चावा घेऊन गुरं पुढे ढकलायची हेच तिचं काम. रेमंड कॉपिंजर या वर्तनशास्त्रज्ञाने हे छान मांडलं आहे. शिकारी प्राण्याच्या वर्तनात एक साखळी असते: सावज हेरणं, रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि शेवटी जीव घेणं. गुरं-मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांत माणसाने निवडीने या साखळीच्या काही कड्या ठळक केल्या आणि शेवटच्या पुसट केल्या. भिंगरीच्या डोळ्यांसमोरून धावणारं मूल ही कडी खटकन चालू करत होतं. त्यात राग नव्हता.

मग जात पाहायलाच हवी होती ना? इथेच गोम आहे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एलिनोर कार्लसन यांच्या गटाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. एकेका कुत्र्याच्या वर्तनातल्या फरकांपैकी सरासरी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची वृत्ती अशा काही गुणांवर जातीचा ठसा जास्त दिसला, पण एखादा कुत्रा कसा निघेल याचं भाकीत जातीवरून करणं अवघडच. हे झालं शुद्ध जातींसकट. शेल्टरमधल्या संकरित कुत्र्यांची तर जातही बहुधा नजरेने ठरवलेली असते. २०१८ साली ॲरिझोना आणि सॅन डिएगो इथल्या ९०० हून जास्त शेल्टर कुत्र्यांचे डीएनए तपासले गेले. कर्मचाऱ्यांनी सांगितलेली निदान एक जात खरी निघाली ती सुमारे ६७ टक्के वेळा. एकापेक्षा जास्त जाती बरोबर ओळखल्या गेल्या त्या फक्त १० टक्के वेळा.

आता मागे वळून "कॅटल डॉग होती ना, म्हणून" असं म्हणणं सोपं आहे. पण त्याआधी आमच्याकडे हेच लेबल लावलेला एक कुत्रा येऊन गेला होता. तो दिवसभर सोफ्यावर लोळायचा आणि मुलांकडे ढुंकूनही पाहायचा नाही. जातीचं लेबल म्हणजे लग्नाची पत्रिका. जुळली तर म्हणायचं, बघा पत्रिका खरी ठरली. नाही जुळली तर वेळ चुकली असेल.

कांदेपोहे

दुसरी ओळ, "खूप उत्साही". हे कोणी, कुठे, कधी पाहिलं? १९९७ साली मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. पहिल्या तीन दिवसांत ते घरच्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे प्रवासाने थकलेल्या, अनोळखी वासांनी आणि भुंकण्याने भेदरलेल्या जनावराचं आपण बहुतेक वेळा त्याच्या सर्वांत वाईट आठवड्यात वर्णन लिहितो. हाच कुत्रा एकाला "शांत" वाटतो, कारण तो भीतीने गोठलेला असतो. दुसऱ्याला "वेडा" वाटतो, कारण पिंजऱ्यात फिरण्यापलीकडे त्याला करायलाच काही नसतं.

आमच्या क्षेत्रात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९९ साली जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी अनुवांशिकदृष्ट्या सारखे उंदीर तीन वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत एकाच पद्धतीने तपासले. उपकरणं सारखी, वेळ सारखी, वय सारखं. तरीही काही चाचण्यांचे निकाल जागेनुसार बदलले. इतकी काळजी घेऊन उंदराच्या बाबतीत जागा आडवी येते, तर शेल्टरच्या मागच्या खोलीत दहा मिनिटांत पाहिलेला कुत्रा तुमच्या दिवाणखान्यात तसाच वागेल असं कसं म्हणावं?

बऱ्याच शेल्टरांत स्वभावाची चाचणी घेतात: खाताना ताटात प्लास्टिकचा हात घालून पाहायचं, दुसरा कुत्रा समोर आणायचा वगैरे. २०१६ साली गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी या चाचण्यांचं गणित मांडलं. त्यांचा निष्कर्ष लेखाच्या शीर्षकातच आहे: नाणेफेकीपेक्षा बरं नाही. असं का, ते समजायला आपण काल्पनिक आकडे घेऊ. समजा १०० कुत्र्यांपैकी १० खरोखर धोकादायक आहेत आणि चाचणी ८० टक्के अचूक आहे. ती १० पैकी ८ धोकादायक कुत्रे पकडेल. पण उरलेल्या ९० गरीब कुत्र्यांपैकी १८ जणांनाही धोकादायक ठरवेल. म्हणजे शिक्का बसलेल्या २६ पैकी १८ निर्दोष! ८० टक्के अचूकता ऐकायला भारी वाटते, पण शोधायची गोष्ट मुळात विरळ असेल तर खोटे इशारे खऱ्यांपेक्षा जास्त होतात. वैद्यकीय तपासण्यांच्या बाबतीत हे आपण या ब्लॉगवर अनेकदा वाचलं आहे. कुत्र्यांनाही तेच गणित लागू आहे.

आणि निवडणारी माणसं तरी काय पाहतात? ॲलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन यांनी शेल्टरमध्ये कुत्रा पाहायला आलेल्या लोकांच्या २५० भेटी नोंदवल्या. भेट सरासरी आठ मिनिटांची. कुत्र्याच्या फक्त दोन वागण्यांचा निर्णयाशी संबंध दिसला: तो जवळ येऊन पहुडला का आणि खेळायला बोलावल्यावर त्याने प्रतिसाद दिला का. आठ मिनिटांच्या कांदेपोह्यांवर दहा-बारा वर्षांचा संसार!

अंगण

तिसरी ओळ सर्वांत फसवी, कारण ती सर्वांत शहाणपणाची वाटते. कुत्रा धावणारा आहे, धावायला जागा हवी, जागा म्हणजे अंगण. पण अंगण हे क्षेत्रफळ आहे आणि कुत्र्याची गरज ही वेळेची आहे. त्या वेळात त्याच्यासोबत काय घडतं, यावर सगळं ठरतं. रिकाम्या अंगणात एकटा कुत्रा बहुधा व्यायाम करत नाही. तो दाराशी वाट पाहतो, कुंपणापाशी भुंकतो किंवा खड्डे खणतो.

"मग आम्ही त्याला रोज पाच मैल पळवू," असंही लोक सांगतात. पळवा, जरूर पळवा. पण नुसत्या पळवण्याने कुत्र्याचा दम वाढतो, जसा मॅरेथॉनच्या तयारीत आपला वाढतो. महिन्याभराने त्याला सात मैल लागतात. डोक्याला काम देणं ही वेगळी गोष्ट आहे. २०१९ साली शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी घरच्या कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वास हुंगून वस्तू शोधण्याचा सराव दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. त्यानंतर "या वाटीत खाऊ असेल की नसेल?" अशा संदिग्ध प्रसंगी हुंगणाऱ्या गटातले कुत्रे आधीपेक्षा लवकर वाटीकडे जाऊ लागले, जणू त्यांचा दृष्टिकोन आशावादी झाला होता. दुसऱ्या गटात तो बदल दिसला नाही. प्रयोग लहान होता, पण ज्याने कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळलेला खाऊ शोधायला दिला आहे, त्याला हे पटेल. आमच्याकडे भिंगरी वीस मिनिटं हुंगण्याचा खेळ खेळली की तासभर गाढ झोपायची. तासभर चेंडू फेकला की मात्र ती आणखी चेकाळायची.

म्हणूनच "कुंपणाचं अंगण असल्याशिवाय कुत्रा देणार नाही" या सरसकट नियमाला माझा विरोध आहे. त्याने भाड्याच्या घरातली, फ्लॅटमधली, पण वेळ देऊ शकणारी माणसं दारातच अडतात. आणि आमच्या मित्रांसारख्या घरांना, वेळ नसतानाही, आपण योग्य आहोत असा खोटा दिलासा मिळतो.

दुसरं घर

भिंगरी परत आल्यावर मी शेल्टरला विनंती करून तिचं वर्णन नव्याने लिहिलं. त्यात जात लिहिली नाही. आमच्या घरात पाच आठवड्यांत जे दिसलं ते लिहिलं: धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तोंड लावते. चार तासांपेक्षा जास्त एकटी राहिली तर चपला फाडते. जिन्यात आवाज झाला की भुंकते. नवीन गोष्ट दोनदा दाखवली की शिकते. डोक्याला काम दिलं की झोपते. आपण टीव्ही पाहत असलो की पायावर हनुवटी टेकून बसते.

पहिल्या वर्णनाला अर्जांचा ढीग आला होता. या वर्णनाला तीन अर्ज आले. खरं सांगायचं तर मी घाबरले. पण आपल्याला हवं असतं एकच घर. जाहिरातीतून लोकांना गाळणं हे घरात गेल्यावर गाळण्यापेक्षा बरं, सर्वांत जास्त कुत्र्यासाठी.

तिघांना मी एकच प्रश्न विचारला: "तुमचा साधा मंगळवार कसा असतो? फेब्रुवारीतला, बर्फ पडलेला. तासातासाने सांगा." शनिवार विचारला तर प्रत्येकजण डोंगर चढत असतो. मंगळवारी माणूस खरं बोलतो.

भिंगरी शेवटी गेली वूस्टरमधल्या एका जुन्या तीन मजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. अंगण शून्य. तिथे राहतं एक मध्यमवयीन जोडपं. ती रुग्णालयात रात्रपाळीची नर्स, तो पहाटे बेकरीत जातो आणि अकराला परततो. त्यांचा मंगळवार लिहिला तेव्हा लक्षात आलं की घर सलग दोन तासांपेक्षा जास्त रिकामं नसतंच. लहान मुलं नाहीत. आणि तो रोज दुपारी तळ्याभोवती चालतो, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. दोन आठवडे चाचणी म्हणून ठेवली, मग कागद केले. आता अकरा महिने झाले. जिन्यातल्या आवाजावर ती अजूनही भुंकते आणि खालच्या भाडेकरूंची त्याबद्दल कुरकुर आहे. बेकरीचे बूट तिने एकदा खाल्ले. पण ती नांदते आहे.

एका कुत्रीच्या गोष्टीवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. शेवट वेगळाही होऊ शकला असता. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्या वेळी आम्ही योग्य प्रश्न विचारले होते आणि उत्तर घरातच, दोन आठवडे, तपासून पाहिलं होतं.

आपल्यासाठी

परदेशातल्या आपल्या मंगळवारात आणखी दोन गोष्टी येतात, आणि अर्जावर त्यांची रकाने नसतात. पहिली, भारतवारी. दर वर्षा-दोन वर्षांनी आपण तीन-चार आठवडे घरी जातो. आई-बाबांचं आजारपण आलं तर एका रात्रीत तिकीट काढून निघतो. तेव्हा कुत्रा कोणाकडे? "बघू" हे उत्तर नाही. एका माणसाचं नाव हवं आणि त्या माणसाने आधी हो म्हटलेलं हवं. दुसरी, व्हिसा. एच-१बी वर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. मी हे "घेऊ नका" म्हणून सांगत नाही. मीही व्हिसावर असतानाच कुत्रे सांभाळायला लागले. पण ज्याचं आयुष्य आपल्या ग्रीन कार्डाच्या रांगेला बांधलं जाणार आहे, त्याच्या वतीने हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

आणि जमलं नाही तर परत द्या. आपल्याकडे दारी आलेलं जनावर परत पाठवणं पाप मानतात. त्या लाजेपायी लोक महिनोन्महिने ओढत राहतात, कुत्रा गॅरेजमध्ये राहू लागतो, मुलं दुरावतात. तीन आठवड्यांत प्रामाणिकपणे परत दिलेला कुत्रा आपल्याबरोबर माहिती घेऊन येतो. मुलांच्या टाचा, चार तास, चपला हे सगळं आम्हाला कळलं ते आमच्या मित्रांमुळेच. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. भिंगरीचं दुसरं वर्णन अर्धं त्यांनी लिहिलेलं आहे, असं मी खरोखर मानते. त्या संध्याकाळी धाकट्याने विचारलं, "ती माझ्यावर चिडली होती का?" मी त्याला गुरांची गोष्ट सांगितली. त्यानंतर ते पुन्हा यायला लागले.

कायमचं जमणार नसेल तर दोन रात्रींसाठी फॉस्टर करून पाहा. लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पाच शेल्टरांत पाहिलं की एक-दोन रात्री कोणाच्या घरी घालवल्या की कुत्र्यांच्या मूत्रातलं कॉर्टिसॉल उतरतं. परत आल्यावर ते पुन्हा मूळ पातळीला जातं, त्याच्या वर जात नाही. म्हणजे दोन रात्रींच्या विसाव्याने कुत्र्याचं नुकसान होत नाही. शिवाय त्याच्याबद्दल घरातली दोन दिवसांची माहिती मिळते, जी कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाची असते.

तेव्हा पुढच्या वेळी मला फोन कराल तेव्हा अंगणाचं माप सांगू नका. एक कागद घ्या आणि येत्या मंगळवारी उठल्यापासून झोपेपर्यंत घरात कोण, किती वाजता, काय करत होतं ते लिहून ठेवा. मग कागद पाहा आणि स्वतःलाच विचारा, यात भिंगरी कुठे बसते? जागा सापडली तर जरूर फोन करा. माझ्या सोफ्याभोवती सध्या आणखी एकजण फेऱ्या मारतो आहे.